चाळिशीनंतर पहिल्यांदाच जिममध्ये वजनं उचलायची आहेत, सुरुवात कशी करू? ट्रेनर म्हणतो, आधी तीन महिने फक्त कार्डिओ करा.

ट्रेनरचं ते वाक्य वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले. मलाही हेच सांगितलं होतं. तीन महिने ट्रेडमिल, मग "बॉडी तयार झाली की" वजनं. तेव्हा मी चव्वेचाळीसची होते, दोन बाळंतपणं झालेली. बॉडी अजून कशासाठी तयार व्हायची होती, देव जाणे.

तर नाही, गरज नाही. पाच-सात मिनिटं अंग गरम करा आणि पहिल्या दिवसापासून वजन घ्या. बाईला ट्रेडमिलवर चढवलं की तिच्याकडे बघावं लागत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र आहे.

तीन महिने चालून मला बढती मिळाली ती गुलाबी डंबेलची. दोन-दोन किलोची. माझी शनिवारची बाजाराची पिशवी त्याहून जड असते. पंधरा दिवस ती हलवली आणि एक दिवस ट्रेनर फोनवर आहे बघून पोरांच्या कोपऱ्यात गेले. तिथे एक रिकामा रॉड होता. रिकामा म्हणजे काय असणार, फार तर चार-पाच किलो, या हिशेबानं छातीशी घेतला आणि वर ढकलला. कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. वर जाईना, खाली आणायची भीती. कॉलेजचा एक पोरगा पळत आला, मधोमध धरला आणि म्हणाला, "काकू, रिकामा रॉडच वीस किलोचा असतो."

हे मला चार महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते. आणि सगळे रॉड वीसचे नसतातही, साध्या जिममध्ये बारीक आठ-दहा किलोचेही असतात. रॉड हातात घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, आपलं वजन वजा करा. तेवढ्यावरूनच सुरुवात करा, पहिले पंधरा दिवस त्याला वजनाच्या चकत्या, म्हणजे प्लेट, लावू नका.

घरी हा किस्सा हसत हसत सांगितला. नेमके भावजी चहाला आलेले. माझे धाकटे दीर, तरुणपणी आठ वर्षं तालमीत काढलेली, एक कान मोडलेला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, बायकांनी जड उचलू नये. अंग बाहेर येतं."

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. सिलिंडरवाला जिन्याखाली टाकी टेकवून निघून जातो. आतला गॅस १४.२ किलो आणि तितकंच वर लोखंड, म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास. नवरा फिरतीवर असतो. वीस वर्षं ती टाकी वर कोण आणतंय? तेव्हा कुणाला अंगाची काळजी वाटली नाही. हे मी त्या दिवशी बोलले नाही, कारण सासूबाई समोर होत्या. म्हणून इथे बोलतेय.

२०२२ मध्ये आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य आणलं. सोनं एका किलोनं हुकलं. भावजींनी गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, त्याची बहीणही वजनंच उचलते. तर म्हणे, "ती लहान आहे अजून." या माणसाशी वाद घालणं म्हणजे ओल्या साबणाला पकडणं.

पण त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी त्यांच्या हातात कोलीत दिलं. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलून उभं राहणं, पन्नास किलोवर पोचली होती. त्या दिवशी अडीच किलोच्या प्लेट कुणीतरी दुसऱ्या मशीनवर लावून ठेवलेल्या. शोधायचा कंटाळा केला आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा चढवल्या. पन्नासवरून एकदम सत्तर. पहिल्याच खेपेला पाठ धनुष्यासारखी वाकली आणि कमरेत सणक भरली. तीन आठवडे घरी. फराळाचं सगळं सासूबाईंनी एकटीनं केलं, ते अजून मनाला लागतं. भावजी मलमाची ट्यूब घेऊन आले, आणि बरोबर "सांगितलं होतं" हेही.

चूक वजनाची नव्हती, उडीची होती. मी त्यांना विचारलं, तालमीत पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारल्या होत्या का? नाही, वस्ताद रोज थोड्या वाढवायचे. मग हेच तर ते. म्हणाले, "ते वेगळं."

सुरुवात कशी करायची, हा तुमचा प्रश्न राहिलाच. आठवड्यातून दोन दिवस पुरतात, तीन असतील तर उत्तम, मध्ये एक दिवस सोडून. "आज छाती, उद्या हात" हे पोरांचं वेळापत्रक घेऊ नका, प्रत्येक वेळी सगळं अंग. बसून उठायचा एक व्यायाम, जमिनीवरून उचलायचा एक, ढकलायचा एक, ओढायचा एक. सलग आठ-दहा वेळा केलं की एक सेट, असे प्रत्येकाचे तीन सेट, मध्ये थोडं थांबून. सेट संपताना अजून दोन निघाले असते असं वाटलं तर वजन बरोबर. तिन्ही सेटला दहा निघायला लागले की एकूण अडीच किलो वाढवा, त्यापेक्षा जास्त नाही. आणि जमिनीवरून उचलताना प्लेट लहान असतील तर रॉड फार खाली बसतो, पाठ वाकणारच. दोन्हीकडे जाड प्लेट आडव्या टाकून त्यावर रॉड ठेवा. हे मला कंबर धरल्यावर कळलं.

दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त असतं, जिना उतरताना कळेल. सांध्यात टोचलं तर मात्र थांबा. दंड पुरुषासारखे होतील ही भीती सोडा, तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आपल्यात नसतं.

जिमवाले विकतात ती प्रोटीनची पावडर लागत नाही. बहुतेक ते दुधाचंच प्रोटीन असतं, विष नाही आणि जादूही नाही. पण नुसत्या वरणावर भागेल असंही समजू नका, वाटीभर पातळ वरणात प्रोटीन फार तर पाच-सहा ग्रॅम. अंडी, पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या, जे घरात चालतं ते रोज हवं.

एक राहिलं, हे खरं तर वरती लिहायला हवं होतं. बीपी असेल, हर्निया असेल, किंवा खरंच अंग खाली आल्यासारखं वाटत असेल, खोकताना लघवी होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. श्वास कोंडून जोर लावू नका. म्हणजे भावजींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, पण त्यावरचा उपाय बाईला खुर्चीत बसवणं हा नव्हे. सध्या मी पंच्याहत्तर किलो पाच वेळा उचलते. परवा त्यांना सांगितलं तर म्हणाले, "रॉडला धरायला जागा असते, सिलिंडरला कुठे?" यात तथ्य आहे हे मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही.

उद्या ट्रेनरला रॉड द्या म्हणून सांगा. नाहीच ऐकलं तर सकाळी अकरानंतर जा. पोरं कॉलेजात असतात, कोपरा रिकामा मिळतो.