साडीच्या कॅटलॉग शूटला ४,००० रुपये आणि ‘फोटो कुठेही वापरू’: हे रास्त आहे का? किती मागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला पुण्यात, काम कोल्हापूरच्या एका साडीच्या दुकानाचं. दिवाळीचा कॅटलॉग, एका दिवसात ४० साड्या, मानधन ४,०००. मेकअप स्वतः करून यायचा, प्रवासखर्च स्वतःचा, आणि फोटो ‘आम्ही कुठेही वापरू’.

या अटींवर घेऊ नका. ४,००० हा आकडा अर्ध्या दिवसाच्या, गावातल्या गावात उरकणाऱ्या कामाला चालूनही गेला असता. खोट आहे ती ‘४०’ मध्ये आणि ‘कुठेही’ मध्ये.

आधी ४० बघू. आधीची साडी सोडून पुढची नेसवायला, निऱ्या-पदर पिन करून, हाताखाली सराईत बाई असेल तर ८ ते १० मिनिटं लागतात. दागिने आणि गजरा बदलायला तीनेक मिनिटं. समोरून, पाठमोरा, पदर पसरून आणि काठाचा जवळून असे फोटो घ्यायला पाच-सहा. म्हणजे एका साडीला साधारण १८ मिनिटं. ४० साड्यांची ७२० मिनिटं, पूर्ण १२ तास. त्यात सुरुवातीचा मेकअप-केसांचा दीड तास आणि जेवणाचा पाऊण तास धरा, सव्वाचौदा तास झाले. नऊवारी असेल तर हे गणित आणखी बिघडतं, कारण काष्टा नीट बसेपर्यंत फोटोग्राफर कॅमेरा उचलत नाही.

उलट बाजूने मोजा. आठ तासांच्या शिफ्टमधून मेकअप आणि जेवण वजा केलं की ३४५ मिनिटं उरतात. त्यात १९ साड्या बसतात. निऱ्या आधीच इस्त्री करून ठेवल्या, नेसवायला दोघी असल्या, तर २४-२५ पर्यंत जाता येतं. त्यापुढे चेहऱ्यावर थकवा दिसायला लागतो, ओठांच्या कडा पुसट होतात, आणि शेवटच्या दहा साड्यांचे फोटो दुकानदारालाच आवडत नाहीत. हे त्यांना सरळ सांगा. पटतं, कारण नुकसान त्यांचं असतं.

आता ४,००० पैकी हातात काय येतं ते पाहा. मेकअप-केसांना समजा २,००० गेले, येण्याजाण्याला आणि खाण्यापिण्याला १,२००. उरले ८००. सव्वाचौदा तास शूट आणि पुणे-कोल्हापूर येण्याजाण्याचे दहा तास, म्हणजे तासाला ३३ रुपये. त्याच सेटवर चहा देणारा पोरगाही यापेक्षा जास्त घेऊन जातो.

तुमचा स्वतःचा दिवसाचा दर ठरवताना दुसरी कोण किती घेते एवढ्यावर जाऊ नका. मॉडेलसाठी कुठलं सरकारी दरपत्रक नसतं आणि ऐकीव आकडे फुगवलेले किंवा लाजून कमी सांगितलेले असतात. महिन्याला किती मिळालं तर हे काम परवडतं ते लिहा आणि पैसे मिळणारे दिवस प्रामाणिकपणे मोजा. आपल्याकडच्या बाजारात महिन्यात पाच दिवस मिळाले तरी बरे म्हणायचे, बाकीचे ऑडिशन, ट्रायल आणि ‘कळवतो’ यात जातात. महिन्याला ३०,००० हवे असतील आणि दिवस पाच, तर दर ६,०००. पुढचं सगळं गणित याच आकड्यावर दाखवतो. तुमचा आकडा वेगळा असेल, पद्धत तीच.

हा ६,००० चा दर तुमच्या आठ तासांचा आहे, तुमच्या चेहऱ्याचा नाही. चेहऱ्याचा वापर वेगळा मोजायचा, आणि आपल्या भागात नेमकं तेच कुणी मोजत नाही. मुंबईच्या जाहिरातीच्या कामात कुठल्या माध्यमात, किती महिने, किती शहरांत हे आधी विचारतात. दुकानांच्या कामात ‘फोटो आपलेच आहेत’ म्हणून विषय मिटतो.

कायद्याने फोटो खरंच त्यांचेच असतात. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. मॉडेलचा त्यात वाटा नसतो. छायाचित्रावरचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, हे ‘कायमचे हक्क’ लिहून देताना डोळ्यासमोर ठेवा. तुमच्या हातात असते ती संमती. संमतीशिवाय एखाद्याचं नाव किंवा छबी जाहिरातीसाठी वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात म्हटलंय. पण तुम्ही ‘कुठेही वापरा’ असं लिहून दिलंत की ती संमती दिलीच. मग भांडायला जागा उरत नाही.

‘कुठेही’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? दुकान फोटो इन्स्टाग्रामवर टाकतं, ते ठीक. मग तोच फोटो माल पुरवणारा व्यापारी मागतो. त्याच्याकडून तो शंभर व्हॉट्सअॅप ग्रुपवर रीसेलरांकडे जातो, तिथून ऑनलाइन विक्रीच्या अॅपवर. सहा महिन्यांनी तुमच्या चेहऱ्याखाली ३९९ रुपयांची भलतीच साडी दिसते. पुढे दुसऱ्या शहरातलं मोठं दुकान तुम्हाला बोलवायचं टाळतं, कारण ‘हा चेहरा सगळीकडे आहे’. ४,००० मध्ये तुम्ही पुढची कामंही विकलेली असतात.

मी वापराचा हिशोब असा धरतो. याला कायद्याचा आधार नाही, घासाघीस कुठून सुरू करायची एवढंच ठरतं. दुकानाचं स्वतःचं इन्स्टाग्राम, फेसबुक, वेबसाइट आणि दुकानातला स्क्रीन, सहा महिने: दिवसाच्या दरातच. पैसे भरून चालवलेली ऑनलाइन जाहिरात: दराच्या २५ टक्के जादा. एक-दोन जिल्ह्यांत तीन महिने होर्डिंग: ५० टक्के. साडीच्या पेटीवर किंवा लेबलवर फोटो: किमान ५० टक्के, कारण माल संपेपर्यंत तो हलत नाही. पुरवठादाराला फोटो द्यायचे असतील तर तो वेगळा ग्राहक, त्याचा वेगळा दर. दागिन्यांच्या पेढ्या बरेचदा ‘वर्षभर दुसऱ्या सराफाचं काम नको’ म्हणतात. तसं असेल तर वर्षात सराफांकडून किती दिवसांचं काम मिळतं ते मोजा आणि निदान निम्म्याची भरपाई मागा. फुकट बांधून घेऊ नका.

तर तुमच्या कामाचा पूर्ण भाव: ४० साड्या म्हणजे दोन दिवस, १२,०००. होर्डिंग असेल तर त्याच्या ५० टक्के, ६,०००. प्रवासात जाणाऱ्या वेळेचा अर्धा दर, ३,०००. एकूण २१,०००, शिवाय मेकअप, भाडं, मुक्काम त्यांचा. दुकानदार कपाळाला हात लावेल. लावू द्या. तिथून दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. एक दिवस, २० साड्या, होर्डिंग नाही: ६,००० अधिक ३,०००, म्हणजे ९,०००. तेही जड वाटलं तर २० साड्या पार्सलने पुण्याला पाठवा म्हणावं, शूट इथे करू, प्रवासाचे ३,००० वाचतील. स्टुडिओचं भाडं मात्र त्यांनी आधी विचारून घ्यावं, नाहीतर बचत तिथेच जिरते.

त्यांच्या बाजूने हिशोब मांडलात तर बोलणं सोपं जातं. ९,००० भागिले २० साड्या, एका डिझाइनला ४५० रुपये. यंत्रमागाच्या डिझाइनचे ५० नग विकायचे असतील तर नगामागे ९ रुपये. हे गणित हातमागाच्या येवला पैठणीला लागू होत नाही. तिथे बरेचदा एका नमुन्याचा एकच नग असतो, तो विकला की फोटो निकामी. अशा दुकानांना चार-पाच मुख्य साड्याच मॉडेलवर आणि बाकीच्या पुतळ्यावर घ्या असा सल्ला मी देतो. तुम्हाला अर्ध्या दिवसाचं काम मिळतं आणि त्यांचा खर्च आटोक्यात राहतो.

बोलणं फोनवर झालं तरी त्यानंतर व्हॉट्सअॅपवर असा मजकूर पाठवा:

“नमस्कार दादा. शूट सकाळी १० ते संध्याकाळी ६, मेकअप आणि जेवणाची वेळ धरून. साड्या २० पर्यंत. मानधन ६,००० आणि प्रवासाच्या वेळेचे ३,०००. सहानंतर दर तासाला १,१००. मेकअप, केस, साडी नेसवणाऱ्या ताई, बसभाडं तुमच्याकडून. फोटो फक्त तुमच्या दुकानाच्या इन्स्टाग्राम, फेसबुक, वेबसाइट आणि दुकानातल्या स्क्रीनवर, पहिल्या पोस्टपासून ६ महिने. होर्डिंग, पेपर, पेटीवरचं लेबल, पैसे भरून केलेली जाहिरात, पुरवठादारांना फोटो देणं यात नाही, हवं असल्यास वेगळं ठरवू. माझा चेहरा वापरून एआयने नवीन फोटो करायचे नाहीत. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली शूटच्या दिवशी निघण्याआधी. शूटच्या आधीच्या ४८ तासांत रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत नाही. ठीक असेल तर ‘मान्य’ असं कळवा.”

एआयचं वाक्य गाळू नका. एकदा तुमचे वीस चांगले फोटो हातात आले की पुढच्या हंगामात तुम्हाला न बोलावता तुमच्याच चेहऱ्यावर नवीन साडी चढवता येते. सहा महिने संपल्यावर जुन्या पोस्ट पुसायला लावू नका, त्यावरून उगाच वाकडं येतं. नव्याने टाकायच्या नाहीत आणि जाहिरातीत वापरायच्या नाहीत, एवढं पुरे. सेटवर आयत्या वेळी छापील रिलीज फॉर्म (फोटो वापरायला संमती दिल्याचा कागद) पुढे केला तर त्यात ‘सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ आहे का बघा. असेल तर तिथे काट मारून ‘व्हॉट्सअॅपवर ठरल्याप्रमाणे’ असं लिहा, तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढून ठेवा.

‘पैसे नाहीत, पण साडी घ्या’ हा प्रकार नवीन पोर्टफोलिओसाठी एखाद-दोनदा ठीक. त्यात अटी उलट लावा: साड्या चार, वेळ दोन तास, फोटो तुम्हालाही मिळणार. साडी महाग असेल तर कराचं लक्षात ठेवा. कामाच्या बदल्यात मिळालेली आणि तुमच्याकडेच राहणारी वस्तू हे उत्पन्नच, आणि एकाकडून वर्षात अशा वस्तू २०,००० च्या वर गेल्या तर देणाऱ्यावर १० टक्के टीडीएसची (देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराची) जबाबदारी येते. शूट झाल्यावर परत केलेली साडी यात येत नाही. रोख मानधनावर बहुतेक ठिकाणी व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के कापतात, पण एका दुकानाकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेल्यावरच (२०२५-२६ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती). ९,००० च्या बिलात कुणी ‘टीडीएस’ म्हणून ९०० कापले तर कशाबद्दल ते विचारा, आणि आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर ते जमा दिसतात का बघा. बरेचदा दिसत नाहीत.

पैसे थकवणाऱ्यांसाठी एक उपाय आहे, तो मात्र काम घेण्याआधी करावा लागतो. उद्यम पोर्टलवर (छोट्या उद्योगांच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती मोफत असते, आधार आणि पॅन लागतं. बिलावर तो क्रमांक टाका. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर तो खर्च ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. दुकानदाराला हे माहीत नसेल, पण त्याच्या सीएला नक्की माहीत असतं.

कोऑर्डिनेटरमार्फत, म्हणजे मॉडेलना काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, काम आलं असेल तर कमिशन मानधनावरच, प्रवास-मेकअपवर नाही, हे आधी ठरवा. ‘नोंदणी फी’ किंवा ‘आमच्याकडूनच पोर्टफोलिओ काढा’ म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा.

वेळेचा फायदाही घ्या. दसरा-दिवाळीचा माल दाखवायचा तर शूट श्रावणात किंवा गणपतीच्या आसपास उरकावं लागतं. पितृपंधरवड्यात नवीन काम काढायला बरेच दुकानदार नाखूश असतात, त्यामुळे तारखा त्याआधी दाटतात आणि तुमचा दर टिकतो. आषाढात बाजार थंड असतो, तेव्हा एखादा हजार सोडायला हरकत नाही.

सेटवर कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का ते आदल्या दिवशीच विचारा. चार रंगांचे ब्लाउज घेऊन या म्हणाले तर त्याचे पैसे लावा. साडीच्या शूटला खरे दागिने वापरणार असतील तर ते घालायला आणि काढायला पेढीचाच माणूस हवा. प्रत्येक बदलाला त्याने नग मोजून डबीत ठेवावेत. वजनाच्या पावतीवर तुम्ही सही करायची नाही. आणि घट्ट इलॅस्टिक, घड्याळ, जोडव्यांचे वळ कातडीवरून जायला अर्धा तास लागतो, म्हणून बसमधून येताना सैल कपडे घाला. नाहीतर ठुशीचा पहिलाच क्लोजअप वाया जातो आणि तो अर्धा तास तुमच्या आठ तासांतून कापायला बघतात.