पहिलीच्या वर्गातला टीव्ही आणि त्याचा रिमोट

पुणे, जून अखेर

प्रिय नव्या बाई,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या पहिलीच्या वर्गात शाळेने भिंतीवर मोठा स्मार्ट टीव्ही बसवला आहे, मुख्याध्यापकांना तो रोज दोन तासिका वापरात दिसायला हवा आहे आणि म्हणून कोणती ॲप घ्यावीत याची यादी तू मागितली आहेस. तशी यादी मी देणार नाही, कारण ती दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. त्याऐवजी दोन अटी सांगते. सहा वर्षांच्या मुलाला जे स्वतःच्या हाताने करता येते, वर्गात आणून दाखवता येते किंवा तुझ्या तोंडून ऐकता येते, ते पडद्यावर दाखवू नये. आणि जे दाखवशील ते मध्येच थांबवून त्यावर मुलांना बोलते केल्याशिवाय शेवटपर्यंत चालू देऊ नये.

पहिल्या अटीचे उदाहरण म्हणून बी रुजण्याचाच पाठ घे. या विषयावर व्हिडिओ ढिगाने मिळतात आणि बहुतेकांत दहा-पंधरा सेकंदांत मोड फुटून पानेही येतात. ते पाहणाऱ्या मुलाला मोड आला हे कळते, पण त्याला वेळ लागला हे कळत नाही, आणि या वयात शिकायचे असते ते नेमके तेच. मटकी आपल्या प्रत्येक घरात भिजते. ती मुलांकडूनच भिजवून घे, ओल्या फडक्यात बांधायला लाव, आणि सकाळी आल्यावर व शाळा सुटताना टेबलावर खडूने केलेल्या एकाच खुणेवरून तुझ्या मोबाइलने फोटो घे. दोन-तीन दिवसांनी ते फोटो मुद्दाम उलटसुलट क्रमाने टीव्हीवर लाव आणि आधीचा कोणता, नंतरचा कोणता, कशावरून, असे विचार. आता पडदा उपयोगी पडतो, कारण कालची मटकी आज दाखवणे तुला अन्यथा शक्य नव्हते. त्याच पाठात मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवून, कॅमेरा खाली वळवून मोड आलेला एकच दाणा टीव्हीवर मोठा करून दाखव. तीस मुलांनी एका दाण्याभोवती गर्दी केली तर पुढच्या चौघांनाच तो दिसतो. पडद्यावर मात्र टरफल कुठे फाटले आणि मोड कोणत्या बाजूने निघाला, हे सगळ्यांना एकाच वेळी दिसते आणि त्यावर वादही घालता येतो. वाद होऊ दे. कोण बरोबर ते लगेच सांगू नकोस, प्रत्येकाच्या हातात एक एक दाणा दे.

दुसरी अट पाळणे अधिक अवघड आहे, कारण व्हिडिओ सुरू झाला की वर्ग शांत होतो आणि ती शांतता कोणत्याही शिक्षिकेला हवीहवीशी वाटते. तिच्यावर फार विश्वास ठेवू नये. तीन मिनिटांच्या व्हिडिओत किमान दोनदा थांबायचे, आणि कुठे थांबायचे ते आदल्या दिवशी ठरवून पाठाच्या टाचणात मिनिट-सेकंदांसह लिहायचे. पुढे काय होईल असे तुला वाटते, हा प्रश्न थांबल्यावर सर्वांत चांगला चालतो. आत्ता काय पाहिले, हा प्रश्न मुलांना परीक्षेसारखा वाटतो आणि मग नेहमीचीच पाच मुले हात वर करतात.

हा विचार माझ्या घरचा नाही. उपग्रहाच्या साहाय्याने शाळांना कार्यक्रम पुरवण्यासाठी आपल्या पुण्यातच १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. तेव्हाच्या कार्यक्रमांना एक मोठी मर्यादा होती: दूरदर्शनवरचे प्रक्षेपण थांबवता येत नसे, त्यामुळे कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर शिक्षकाने काय केले यावर जवळजवळ सारे अवलंबून राही. तुझ्या हातात रिमोट आहे. त्यावरचे थांबवण्याचे बटण हीच मला या चाळीस वर्षांतली, निदान पहिलीच्या वर्गापुरती, सर्वांत मोठी सुधारणा वाटते.

आवाजाचा उपयोग फार कमी शिक्षक करतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. तुझी शाळा कसबा पेठेपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तांबट आळीत जा आणि तिथे तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज परवानगी घेऊन मोबाइलवर नोंदव. उन्हाळा सुरू होताना तांबट पक्षी ओरडू लागतो, त्याचाही आवाज त्याच्या शेजारी ठेव. वर्गात टीव्हीवर काहीही न दाखवता दोन्ही आवाज ऐकव. आधी नुसता ठोका धरायला लाव, मग तो टाळीने वाजवून घे, मग कोणता आवाज एकसारखा चालतो आणि कोणता मध्ये थांबतो, जागा बदलतो, ते ऐकायला सांग. चित्र अगदी शेवटी दाखव. पोपटाएवढाही नसलेला, हिरवा, कपाळावर लाल ठिपका असलेला पक्षी समोर आला की ज्या मुलांनी आवाजावरून मोठ्या पक्ष्याची कल्पना केली असेल त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. हा पाठ फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेव, कारण त्या दिवसांत वर्गाबाहेरच्या वडा-पिंपळावरूनही तोच आवाज येण्याची शक्यता असते, आणि तसा आला तर टीव्ही तिथल्या तिथे बंद करायचा.

आता अक्षरांविषयी. इथे पडद्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, म्हणून जपून राहा. फळ्यावर ‘आबा’ आणि ‘आंबा’ जेवढ्या आकारात लिहितेस तेवढ्याच आकारात टीव्हीवर दाखव, आणि शेवटच्या बस्करपट्टीवर मुलांच्या उंचीला बसून स्वतः पाहा. खिडकीचा उजेड काचेवर पडत असेल तर अनुस्वार दिसत नाही, आणि दोन शब्दांतला सगळा फरक त्या टिंबातच आहे. दुसरी गोष्ट अशी की हिंदी पद्धतीचे ल आणि श असलेले टंक (फॉन्ट) संगणकांवर आणि व्हिडिओंत सर्रास आढळतात. राज्य शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे ठरवून दिली आहेत, २०२२ च्या शासन निर्णयातही तीच आहेत आणि बालभारतीच्या पुस्तकातही मूल तीच पाहते. मोठ्यांना दोन्ही रूपे सहज वाचता येतात. ज्याने ल कालच ओळखला त्याला मात्र आजचा ल हे निराळेच अक्षर वाटते. तेव्हा अक्षरओळखीचे व्हिडिओ आधी या नजरेने चाळून घे आणि नापास होणारे काढून टाक. शिवाय अक्षर बोटाने काचेवर गिरवून घेणारी ॲप मला पाटी-पेन्सिलीला पर्याय वाटत नाहीत. पाटीवर पेन्सिल घासली जाते, हात दाब शिकतो, वळण चुकले तर पुसून पुन्हा काढावे लागते. काचेवर यातले काही होत नाही आणि चुकीच्या दिशेने काढलेल्या अक्षरालाही कधी कधी शाबासकीचे फुगे उडतात.

वाचनासाठी मात्र तुझा स्वतःचा मोबाइल फार मोलाचा आहे. प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन जुलैत नोंदव, मग दिवाळीनंतर आणि मग फेब्रुवारीत. तोच उतारा पुन्हा दिलास तर मूल कुठे अडखळायचे थांबले ते पालकांनासुद्धा ऐकू येते, आणि निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या नोंदी भरताना तुला अंदाजाने खुणा कराव्या लागत नाहीत. मुलाचे वाचन ऐकून चूक दाखवणारी ॲप आता मराठीतही आहेत आणि सरावाला ती बरी आहेत, पण त्यांच्या निकालावर मुलाला तोलू नकोस. घरी हिंदी बोलणारे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते तेव्हा त्याने शब्द बरोबर वाचलेला असतो, उच्चार त्याच्या घरचा असतो. हा फरक यंत्राच्या लक्षात येईलच असे नाही, तुझ्या मात्र यायला हवा. घरी लमाणी, कानडी किंवा हिंदी बोलणाऱ्या एखाद्या मुलाच्या आजीचे त्यांच्या बोलीतले गाणे तिच्या संमतीने नोंदवून वर्गात ऐकव. एरवी गप्प बसणारे मूल त्या दिवशी दुभाषा होते.

या ध्वनिफिती आणि फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नकोस. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज इतर सगळ्या घरांत ऐकला जाण्याचे काहीच कारण नाही. मुलांची माहिती गोळा करणाऱ्या ॲपबाबतही सावध राहा: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. मुलाचे नाव, फोटो आणि जन्मतारीख मागणारे ॲप केवळ ते फुकट आहे म्हणून वर्गात आणायचे नाही.

तुझ्या तयारीसाठी साहित्य भरपूर आहे आणि माझ्या मते तंत्रज्ञानाचा निम्मा उपयोग मुलांसमोर न येता तुझ्या घरीच व्हायला हवा. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे साहित्य उघडते. ते आदल्या रात्री उतरवून ठेव, कारण शाळेचे इंटरनेट नेमके तासिकेच्या वेळी दगा देते आणि गुरुवार हा आपल्याकडे दुरुस्तीचा वार असल्याने वीज जाण्याचीही धास्ती असते. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत मिळतात. त्या टीव्हीवर लावून तू स्वतः वाच, यंत्राला वाचू देऊ नकोस. विज्ञान-खेळणीकार अरविंद गुप्ता यांनी आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे जे छोटे व्हिडिओ केले, ते तू एकटीने पाहा आणि वर्गात फक्त कागद, स्ट्रॉ आणि कात्री घेऊन जा.

मुख्याध्यापकांना काय सांगायचे, हा तुझ्या पत्रातला खरा प्रश्न आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा, आणि तुझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचा त्यातला मोठा भाग घरी मोबाइलवरच संपलेला असतो. ही गोष्ट नम्रपणे सांग आणि रोज दोन तासिकांऐवजी दिवसाला दहा-बारा मिनिटे, पण टाचणात नोंद करून, असा प्रस्ताव ठेव. वापराची नोंद वहीत दिसली की बहुतेक मुख्याध्यापकांचे समाधान होते. तेही कोणाला तरी उत्तर देत असतात, हे ध्यानात असू दे.

मटकीच्या पाठाचे टाचण लिहून झाले की मला पाठव, कुठे थांबायचे त्या जागा मी पाहून देईन. त्याआधी तुझा मोबाइल केबलने टीव्हीला चित्र पाठवू शकतो का, ते तपासून घे. सगळे मोबाइल तसे पाठवत नाहीत आणि वायफायवरून पाठवलेले चित्र अडकते. जमत असेल तर केबल पाच मीटरची माग. शाळांना मिळणारी केबल बहुधा आखूड असते आणि मग मटकीचे ताट टीव्हीखाली, भिंतीला टेकून ठेवावे लागते.

तुझी हितचिंतक