‘टेन्शनचे बीपी’ आणि विसरण्याची भीती

चिंतेने रक्तदाब वाढतो, मग त्या दाबाने मेंदू खराब होऊन मी माणसे विसरू लागेन का, हा प्रश्न साठी ओलांडलेले अनेकजण मला विचारतात. गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिकेनेही तो विचारला होता. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडिलोपार्जित घरासाठी भावंडांत इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधील वाटणीचा, दावा चालू होता, मुलगा बोटीवर नोकरीला होता आणि थोरल्या बहिणीचा स्मृतिभ्रंश त्यांनी जवळून पाहिला होता. “मॅडम, कोर्टाची तारीख जवळ आली की बीपी चढते आणि शेजारणीचे नावसुद्धा आठवत नाही. माझेही ताईसारखेच होणार काय?” बोलता बोलता कळले की डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली गोळी त्या फक्त तारखेच्या आठवड्यातच घेत, कारण “हे टेन्शनचे बीपी, आपोआप उतरते” असे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले होते. मला त्यांच्या विसरण्यापेक्षा या समजुतीची अधिक काळजी वाटली.

ताणाच्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो; प्रसंग सरला की तो बहुधा खाली येतो, आणि अशा थोड्या वेळाच्या चढण्याने स्मृतिभ्रंश होत नाही. खरे नुकसान वर्षानुवर्षे चढलेल्या दाबाने होते. मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कधी कधी लक्षातही न येणारे लहान लहान आघात होत राहतात. त्यातून विचारांचा वेग मंदावतो, हिशेब आणि नियोजन जड जाऊ लागते. म्हणून दाब कशाने वाढला यापेक्षा तो एरवी किती असतो, हे आधी पाहावे लागते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी आठवडाभर घरीच दाब मोजला: पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी दोनदा, आणि त्याआधी अर्धा तास चहा न घेता. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर ती वाढलेली समजतात. बाईंच्या वरच्या दाबाची सरासरी कोर्टाची तारीख नसलेल्या दिवसांतही 150 च्या पुढे होती. वही समोर ठेवल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. गोळी त्यानंतर नियमित झाली.

मी त्यांना 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ या अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितले. पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी ज्यांचा वरचा दाब 120 च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट होते, त्यांच्यात सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण 140 चे उद्दिष्ट असलेल्यांपेक्षा सुमारे 19 टक्क्यांनी कमी आढळले. स्मृतिभ्रंशाबाबत मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही, हेही मी लपवले नाही. शिवाय 120 चे उद्दिष्ट प्रत्येक वृद्धाला झेपते असे नाही. उभे राहताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगायलाच हवे.

स्मरणशक्तीच्या तपासणीत चिंताजनक काही निघाले नाही. नाव न आठवणे आणि तासाभराने आठवणे हे अपुऱ्या झोपेत आणि सततच्या काळजीत सर्रास घडते. ओळखीच्या वाटेवर चुकणे किंवा नेहमीचा स्वयंपाक कसा करायचा तेच न सुचणे ही वेगळी गोष्ट असते.

ताणासाठी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. वकिलांचे फोन धाकट्या भावाने घ्यायचे आणि दाव्याचा विषय रात्रीच्या जेवणानंतर काढायचा नाही. पेजेसोबतचे खारे आणि लोणचे कमी करणे त्यांना सर्वांत कठीण गेले, तरी दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण त्यांनी स्वतःच फळ्यावर लिहावे तसे स्वयंपाकघरात लावले. घरच्यांनाही एक सूचना दिली: तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर ‘टेन्शन असेल’ म्हणून थांबू नये, लगेच 108 ला फोन करावा.