हिटलरचं ‘मानवीकरण’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘डाउनफॉल’ या नावाने आपल्याकडे माहीत असलेल्या जर्मन युद्धपटात (2004) हिटलर राक्षस न वाटता माणूस वाटतो. हे लिहायला ‘माणुसकी असलेला हिटलर’ बरोबर, की ‘हिटलरचं मानवीकरण’?

पहिलं तर बादच. माणुसकी म्हणजे दया, कणव. ती दिसली एवढंच म्हणायचं असेल, तर प्रसंगाचं नाव घेऊन लिहा. चित्रपटाच्या सुरुवातीच्या, नोव्हेंबर 1942मधल्या प्रसंगात नवी सेक्रेटरी घाबरून टायपिंगमध्ये चुकते आणि हिटलर शांतपणे ‘पुन्हा करू’ म्हणतो. हा सौजन्याचा एक क्षण झाला. पुढे हाच माणूस जर्मन जनता मेली तरी अश्रू ढाळणार नाही, असं सांगतो.

‘मानवीकरण’ची अडचण शेवटच्या ‘करण’मध्ये आहे. शहरीकरण, राष्ट्रीयीकरण म्हटलं की आधी जे नव्हतं ते केलं, असा अर्थ होतो. हिटलर तर माणूसच होता. (‘माणसाळवला’ही कुणी लिहू नये, माणसाळतं ते जनावर.) ‘हिटलर माणूस म्हणून उभा केला’ किंवा ‘त्याचं माणूसपण दाखवलं’ हे सरळ मराठी झालं. हिटलरची भूमिका करणाऱ्या ब्रुनो गान्त्सचा अभिनय बघा: पाठीमागे धरलेला डावा हात सतत थरथरतो. त्यासाठी त्याने पार्किन्सन्सच्या रुग्णांचं निरीक्षण केलं होतं. आवाजासाठी जून 1942मध्ये फिनलंडमध्ये गुपचूप झालेलं, तिथले सरसेनापती मॅनरहाइम यांच्याशी हिटलर बोलतानाचं सुमारे 11 मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकलं. त्यात भाषणातली गर्जना नाही, साधं बोलणं आहे.

आता खरी कामाची जोडी: ‘अमानुष’ आणि ‘अमानवी’. अमानुष म्हणजे क्रूर. अमानवी म्हणजे माणसाच्या जातीबाहेरचं, भुताखेतांतलं. हल्ली दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण या चित्रपटाबद्दल लिहिताना तो फरक सोडून चालणार नाही. इथला हिटलर पुरता अमानुष आहे, अमानवी मात्र नाही.

राहिलं ‘उदात्तीकरण’. हा शब्द फार स्वस्त झालाय. दुसरे एक जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी या चित्रपटावर कडक टीका केली, तीही काही मराठी लिहिणारे याच खात्यात टाकतील. त्यांचा आक्षेप वेगळा होता: चित्रपटाला स्वतःची भूमिका नाही, आणि इतरांचे मृत्यू दाखवणारा कॅमेरा हिटलरच्या मृत्यूला मात्र बंद दाराबाहेर थांबतो. याला ‘भूमिका टाळणं’ म्हणा.