फरसबीची भाजी मातकट का होते आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात फरसबीच्या सुक्या भाजीचं नुसतं नाव निघालं आणि इतके प्रश्न आले की या वेळी सगळी जागा तिलाच देतेय. काही जणांनी तिला श्रावणघेवडा लिहिलंय, शेंग तीच आहे.

प्रश्न : ताई, कढईत टाकल्यावर पाच मिनिटं भाजी छान हिरवीगार दिसते, मग झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजवली की एकदम मातकट होऊन जाते. मुलांना आंबट आवडतं म्हणून मी टोमॅटो पण सुरुवातीलाच टाकते. शेजारच्या काकू म्हणतात चिमूटभर सोडा टाक, टाकू का? (चोपड्याहून एक वाचक)

उत्तर : सोडा अजिबात नका टाकू. रंग राहील हे खरं, पण शेंग गिळगिळीत होते, साबणासारखी चव येते आणि तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व जातं ते वेगळंच. मातकट का होते ते सांगते म्हणजे उपाय आपोआप कळेल. शेंगेचा हिरवा रंग क्लोरोफिलचा, आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. शेंग शिजायला लागली की तिच्यातलीच थोडी आम्लं सुटतात, ती या मॅग्नेशियमला बाहेर काढतात आणि हिरव्याचा शेवाळी रंग होतो. तुम्ही घट्ट झाकण ठेवलं की वाफेबरोबर वर गेलेली आम्लं झाकणाला लागून थेंब थेंब परत भाजीतच पडतात, वरून टोमॅटोचं आंबट, आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं म्हणजे फार झालं. आंबटाने शेंग लवकर मऊही होत नाही, म्हणून तुम्ही अजून शिजवत बसता.

मी कशी करते ते लिहिते. पाव किलो फरसबी तीन माणसांना पुरते. घेतानाच एक शेंग मोडून बघायची, कट्कन मोडली आणि आत पाणी चमकलं तर ताजी, वाकून दुमडली तर ठेवून द्यायची, आणि बाहेरून दाण्यांचे फुगे दिसत असतील तर ती जून झालीय. देठ आणि टोक मोडताना कडेचा दोरा निघतोय का बघा, निघाला तर पूर्ण ओढून काढा, तो कितीही शिजवला तरी दातात येतो. शेंगा आधी धुवायच्या, मग बारीक चिरायच्या, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे तुकडे. मोठे ठेवले तर बाहेरून गळतात आणि आतून कच्चे राहतात.

आठ-दहा लसूण पाकळ्या आणि तीन-चार हिरव्या मिरच्या खलबत्त्यात ठेचून घ्या, मिक्सरमध्ये पेस्ट नको. कढईत दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल चांगलं तापू द्या, मोहरी तडतडली की जिरं, मग हा ठेचा, लसणाच्या कडा लालसर झाल्या की पाव चमचा हळद आणि लगेच शेंगा. आता गॅस मोठाच ठेवायचा आणि चार-पाच मिनिटं झाकणाशिवाय परतायचं, ही पायरी सोडू नका, रंग आणि चव दोन्ही इथेच ठरतात. मग मीठ, पाण्याचा एक हबका, आणि झाकण तिरपं, वाफ बाहेर जाईल असं. गॅस मध्यम करून अजून पाच-सहा मिनिटं. एक तुकडा दाताखाली घेऊन बघा, कच्चा वास गेलेला हवा पण दाताला शेंग लागली पाहिजे. आमच्या आजीच्या वेळची माणसं अशा भाजीला "आजून कच्चीच शे" म्हणून परत गॅसवर ठेवायला लावतात, ठेवू नका. शेवटी भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट दोन मोठे चमचे, कोथिंबीर, आणि आंबट हवंच तर ताटात लिंबू पिळा. लोखंडी कढईत केली असेल तर झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, त्यातच राहिली तर अजून काळपट पडते.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. फरसबी उकडून घेतली तरी कडकच राहते, तूरडाळीचंही तसंच. शेंगाच खराब येतात का? (साक्री)

उत्तर : डाळीचंही तसंच होतं म्हणताय म्हणजे शेंगांचा दोष नाही, पाणी जड आहे. तुमच्या पाणी तापवायच्या भांड्यात आतून पांढरा थर धरत असणार. शेंगेच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, त्या पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट धरून ठेवतं, मग ती मऊ व्हायला वेळ लागतो. डाळीला तुम्ही प्यायला आणता ते जारचं पाणी वापरा, किंवा बोअरचं पाणी आधी खळखळून उकळा, निवू द्या आणि खालचा गाळ सोडून वरचं घ्या. फरसबी तर उकडूच नका, वर सांगितलं तशी तेलावर आणि वाफेवर करा, हबक्याला लागतं तेवढं जारचं पाणी कुणालाही परवडतं. उकडून पाणी फेकलं की चवही मोरीत जाते.

प्रश्न : मिस्टर रेल्वेत आहेत, पहाटेची ड्युटी असली की साडेचारला डबा लागतो. रात्रीच चिरून ठेवली तर चालते का, आणि डब्यात भाजी पिवळी पडते त्याचं काय करू? (भुसावळ)

उत्तर : चालते, फक्त धुतल्यावर शेंगा फडक्यावर पूर्ण कोरड्या करून मगच चिरा, कोरड्या डब्यात फ्रीजला ठेवा. लसूण-मिरची मात्र सकाळीच ठेचा, रात्रीच्या ठेच्याला उग्र वास येतो. डब्यात भाजी गरम गरम भरून झाकण लावलं की आतल्या आत शिजत राहते, म्हणून ताटात पसरून पाच मिनिटं निवू द्या, तोवर पोळ्या होतात. कूट थोडा जास्त घाला, सुटलेलं पाणी तो ओढून घेतो आणि डबा गळत नाही.

प्रश्न : चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. (नंदुरबार)

उत्तर : लसणाच्या जागी हिंग आणि जिरं दुप्पट, आणि दाण्याच्या कुटात एक चमचा भाजलेल्या तिळाचा कूट मिसळा. त्यांच्यासाठी वेगळी करू नका, सगळ्यांनाच तीच वाढा, छान लागते.

प्रश्न : मुलगी जिमला जाते, फरसबी कच्चीच सॅलडमध्ये खाते. खाऊ देऊ का? (अमळनेर)

उत्तर : नको. राजमा म्हणजे याच जातीच्या झाडाच्या पिकलेल्या बिया, आणि कच्च्या राजम्यात जे लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन असतं ते कच्च्या शेंगेतही असतं, कमी असलं तरी असतं. पोटात ढवळणं, उलट्या, जुलाब होऊ शकतात. नीट शिजवल्यावर ते निकामी होतं. तिला उकळत्या पाण्यात शेंगा शिजवून, गार पाण्यात काढून, लिंबू-मीठ-मिरपूड लावून द्या, आवडीने खाईल.

प्रश्न : आमच्या घरी काळा मसाला आणि तर्री नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. फरसबीचा रस्सा कसा करायचा? आणि उन्हाळ्यात ती मिळते तेव्हा इतकी राठ का असते? (यावल)

उत्तर : रस्सा होतो, पण करू नये असं माझं ठाम मत आहे. फरसबीची चव फार नाजूक, भाजलेलं खोबरं-कांदा आणि काळा मसाला पडला की ताटात कुठली भाजी आहे ते कळतच नाही, मग महागाची फरसबी कशाला आणायची. शेवभाजी आहे, वांगं आहे, तिथे मसाल्याला हात मोकळा सोडा की. एका बाजूला झणझणीत रस्सा आणि दुसऱ्या बाजूला ही साधी हिरवी भाजी, कळण्याची भाकरी, असं ताट एकदा वाढून बघा घरच्यांना.

राठपणाचं म्हणाल तर या शेंगेला थंड हवा मानवते, आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की फुलं गळतात, आणि बाहेरगावाहून येणारा माल रस्त्यातच सुकतो. त्या दिवसांत आपली गवार किंवा चवळीच्या शेंगा घ्या आणि याच पद्धतीने करा. चवळीची शेंग लवकर शिजते, दोन-तीन मिनिटं कमी लागतात. गवारीला मात्र जास्त वेळ लागतो, तिला अर्धी वाटी पाणी घालून पूर्ण झाकण ठेवा आणि कूट टाकताना सुपारीएवढा गूळ घाला, कडवटपणा जातो.