सव्वा वर्ष फिरायला निघतोय, भाड्याच्या घरातल्या सामानाचं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात भाड्याचा टू बीएचके आहे, जूनमध्ये तो सोडून दोघं सव्वा वर्ष भारत फिरणार, आणि सामान गोदामात ठेवावं, नातेवाइकांकडे ठेवावं की विकून टाकावं हे ठरत नाहीये. आम्ही हे दोनदा केलंय. एकदा चुकीचं, एकदा बरंचसं बरोबर.

आधी पैशाचं बोलते. 2022च्या जूनमध्ये निघालो तेव्हा पुण्याबाहेरच्या एका गोदामात जागा घेतली. महिना साडेतीन हजार, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,130. चौदा महिन्यांचे झाले 57,820. जाता-येता टेम्पो आणि हमाली मिळून साडेतेरा हजार. एकूण 71 हजारांच्या वर. परत आल्यावर एका रात्री हिशोब मांडला आणि कपाळावर हात मारला. सोफा, डबलबेड, जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या ही सगळी चीजवस्तू विकून पंचवीस हजारसुद्धा आले नसते, आणि घेतलेल्या जागेतली निम्म्याहून जास्त जागा त्यांनीच खाल्ली होती. गोदामवाला जागेचे पैसे घेतो, वस्तूच्या किमतीचे नाही, एवढं लक्षात ठेवा. सोफ्याला जेवढं भाडं पडतं तेवढ्याच जागेत तुमची सगळी भांडी, पुस्तकं आणि कपडे मावतात. तेव्हा मोठं फर्निचर विका किंवा कुणा गरजूला द्या. सागवानी, आजोबांच्या वेळचं काही असेल तर गोष्ट वेगळी.

आता नातेवाइकांबद्दल. 2016 साली नवऱ्याच्या कामासाठी दोन वर्षं मस्कतला गेलो, तेव्हा सामान रत्नागिरीजवळ मामांच्या घरी माळ्यावर ठेवलं होतं. फुकट, शिवाय घरचीच माणसं. परत आल्यावर पुस्तकांचं खोकं उघडलं. सगळ्यात वर एक दिवाळी अंक होता, मुखपृष्ठ अगदी शाबूत, रंगसुद्धा उडाला नव्हता. उचलला तर वजनच लागेना. आत पानं नव्हतीच, नुसती मातीची नळी-नळी. वाळवी भिंतीतून खोक्याच्या तळाशी शिरली होती आणि वरचा पापुद्रा तेवढा सोडला होता. अशी सहा खोकी. मामींना इतकं वाईट वाटलं की आम्हालाच त्यांची समजूत घालावी लागली. दोष त्यांचा नव्हता. दुसऱ्याचं बांधून ठेवलेलं खोकं दर पावसाळ्यात सोडून कोण बघतं? म्हणून माझं मत असं की आपल्या माणसांकडे मोजक्याच गोष्टी ठेवाव्यात, त्याही त्यांच्या रोजच्या नजरेसमोर राहतील अशा.

तुम्ही चोरीची काळजी लिहिली आहे. मला विचाराल तर चोरापेक्षा दमट हवा जास्त लुटते. आम्ही स्पितीत काझाला होतो, तिकडे कोरडं खडखडीत ऊन, आणि फोनवर पुण्यात चार दिवस झड लागल्याची बातमी. त्या रात्री मला मॉनेस्टरी नाही, लाकडी पाट दिसत होते.

तुमच्या हातात अजून मे महिना आहे, तो वापरा. मृग लागायच्या आत सगळं बांधून झालेलं असू दे. गाद्या-रजया, कपडे, पुस्तकं, सुपं-परड्या, पोळपाट, सगळं दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, आपण कुरडया-पापड वाळवतो तसं. मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या आणि त्यानंतरच बांधा. गरम असताना प्लॅस्टिकमध्ये कोंबलं तर आत घाम धरतो. कापसाच्या गाद्या मात्र ठेवूच नका, देऊन टाका. पुठ्ठ्याची खोकी जमिनीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या हव्यात आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. गोदाम बघायला भर दुपारी नाही, पाऊस पडून गेल्यावर जा आणि आत शिरल्यावर नाकाने हुंगा. कुबट वास आला तर भाव कितीही कमी असो, परत फिरा.

पैठणी किंवा रेशमी साड्या जुन्या सुती धोतरात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला आणि प्लॅस्टिकला लागू देऊ नका, जर काळवंडते आणि प्लॅस्टिक चिकट होतं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा पुसा आणि दारात घडी घातलेला नॅपकिन अडकवून दार किलकिलं ठेवा, नाहीतर आत बुरशीची शेती होते. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल तर ने-आण करताना ड्रम घट्ट धरणारे मोठे बोल्ट शोधा. बसवायला आलेला माणूस ते काढून हातात देतो आणि आपण ते हरवतो. खालच्या फिल्टरमधलं पाणीही काढा. इन्व्हर्टरची बॅटरी चौदा महिने न वापरता पडली तर मरतेच, आम्ही ती एका मित्राला वापरायला दिली आणि चालू स्थितीत परत मिळाली. कुकरची रिंग काढून वेगळी ठेवा.

गॅसचं सिलिंडर टेम्पोत घालू नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत मिळते आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती, देतात. ते जपून ठेवलं की आल्यावर नवीन जोडणीला सोपं जातं, अनामत तेवढी त्या वेळच्या दराने भरावी लागते.

दागिने आणि मूळ कागदपत्रं गोदामात अजिबात नकोत. बँकेच्या लॉकरबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या 2022पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख, आत वीस लाखांचं सोनं असलं तरी. पूर-भूकंपासारख्या आपत्तीत तर तेही नाही. तरी घरापेक्षा लॉकर बराच. गोदामाच्या करारातही नुकसानभरपाईचं कलम शोधून वाचा. आमच्या करारात ती रक्कम इतकी किरकोळ होती की फ्रिजचं दारसुद्धा आलं नसतं.

देवांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार. टाक आणि बाळकृष्ण खोक्यात घालून गोदामात? माझ्या हाताने ते होईना. सासूबाई म्हणाल्या, इकडे आणून दे, दोन फुलं जास्त लागतील एवढंच. त्यांच्या देव्हाऱ्यात चौदा महिने राहिले.

प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि वहीत त्या नंबरसमोर आत काय आहे ते. एक नंबरचं खोकं सर्वात शेवटी चढवायला सांगा : चहाचं पातेलं, गाळणं, दोन कप, चादरी, टॉवेल, बल्ब, पकड, स्क्रू ड्रायव्हर. आम्ही हे केलं नव्हतं. परतल्यावर पहिल्या रात्री नव्या घरात एकवीस खोकी, आणि गाळणं कुठल्या खोक्यात ते देवाला ठाऊक. शेवटी नवऱ्याच्या धुतलेल्या रुमालातून चहा गाळला.

कुंड्यांचं विचारलंत. आम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिल्या. मोगरा गेला, तुळस जगली. कढीपत्ता कुंडीत मावेना म्हणून काकूंनी इमारतीमागच्या मातीत लावला, आता तो पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलाय. परत मागायचा प्रश्नच नव्हता. आमचं नवं घर दोन गल्ल्या सोडून आहे, फोडणीला लागला की जाऊन चार काड्या तोडून आणते.