पागेतली मुलगी आणि बारावीनंतरची वाट

पंचवटीहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, तिने जीवशास्त्र घेतले आहे आणि गेले आठ महिने दर शनिवार-रविवारी पहाटे ती गंगापूर रस्त्यापलीकडच्या एका पागेत जाते. तेथे दिव्यांग मुलांना उपचाराचा भाग म्हणून घोड्यावर बसवतात. हेच काम आयुष्यभर करायचे, असे तिने घरी सांगितले आहे. आई लिहितात, "लीदच काढायची होती तर सायन्सला कशाला घातले, असे तिचे बाबा विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही."

सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण या क्षेत्राची ओळख खरोखरच लिदेपासून होते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात काही बिघडले की ते आतच कोंडते आणि पोटशूळ जिवावर बेततो. म्हणून रात्रभरात लीद किती पडली, घट्ट की पातळ, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक उरला आहे का, हे पहाटे सर्वांत आधी पाहतात. पोटात कळ असलेला घोडा एरवी कितीही गरीब असला, तरी त्या दिवशी त्याच्या पाठीवर मूल बसवता येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ठाण ओले राहिले की खुराच्या तळव्यातील खाचेत सड लागते, तिचा उग्र वास येतो, वेळीच साफ केली नाही तर घोडा पाय चोरू लागतो, त्याची चाल बिघडते. आणि या उपचारात चाल हेच औषध आहे. आपली मुलगी आठ महिने हे सारे मन लावून करते आहे, याची नोंद मी तिच्या गुणपत्रिकेइतक्याच गांभीर्याने घेते.

चाल हे औषध कसे, हे आपल्या यजमानांनाही सांगावे. घोडा संथ चालतो तेव्हा पाठीवरच्या माणसाची कंबर पुढे-मागे, डावीउजवीकडे आणि किंचित वळत हलते, आणि ही हालचाल आपण स्वतःच्या पायांनी चालताना कमरेत होते तिच्याशी फार मिळतीजुळती असते. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेने स्नायूंवर ताबा न राहिल्यामुळे, कधीच न चाललेल्या मुलाला तो ताल प्रथमच अंगात जाणवतो आणि तोल सावरताना पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला काम करावे लागते. घोड्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा थोडी जास्त, ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ताठरलेल्या मांड्या सैलावण्यास तिचीही मदत होते. मात्र यामुळे अपंगत्व नाहीसे होते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले, तेव्हाही त्यांना घोड्यावर चढायला आणि उतरायला माणसाचा आधार लागत होता.

मी स्वतः अशा एका केंद्रात काही सकाळी उभी राहिले आहे. तेथे सात-आठ वर्षांचा, न बोलणारा एक मुलगा होता. प्रशिक्षक बाईंनी घोडा धरणाऱ्याला बजावले होते की मुलाच्या तोंडून आवाज आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. घोडा थांबला, मुलगा अयाळीत बोटे अडकवून कितीतरी वेळ गप्प होता, आणि मग त्याच्या ओठांतून नुसता "च" निघाला. घोडा लगेच चालू लागला. पुढच्या फेरीत तो "च" थोडा लवकर आला. त्या अर्ध्या तासात मुलाच्या मांडीवर आडवा हात धरून बाजूने चालणारी मुलगी घामाने भिजली होती, पण तिने हात काढला नाही.

या कामात घोड्यावर बसणारा दुसराच असतो आणि आपण पायी चालतो, हे मी मुद्दाम सांगते, कारण घोड्यांच्या ओढीने येणाऱ्या अनेकांना ते उशिरा उमगते. घोडा धरणाऱ्याचे लक्ष घोड्याच्या कानांवर, त्याच्या श्वासावर असते. दोन्ही बाजूंनी चालणाऱ्यांचे लक्ष मुलाच्या पाठीवर, मानेवर, चेहऱ्यावर असते. बारावीनंतरच्या वाटा येथूनच फुटतात.

तिचे मन मुलाकडे ओढत असेल, तर फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीची (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांची) पदवी घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. घोड्याच्या साहाय्याने प्रत्यक्ष उपचार करण्यासाठी अशी मूळ पदवी हवी, आणि त्याला कारण आहे. डाउन सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय दोष असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. ते तपासल्याशिवाय त्याला घोड्यावर घेणे धोक्याचे असते, आणि हे प्रेमाने कळत नाही, शिकावे लागते. आंतरवासितेसह साडेचार ते पाच वर्षे लागतात. राज्यातील हे अभ्यासक्रम ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते १९९८ पासून आपल्या नाशिकमध्येच आहे. विशेष शिक्षक होण्याचीही वाट आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवडावा. मन घोड्याकडे असेल, तर पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी आहे. थेरपीच्या दोन्ही पदव्या आणि पशुवैद्यक यांसाठी नीट परीक्षा लागते, तेव्हा निर्णय काहीही होवो, तिने नीट द्यावीच.

पैशाबाबत स्पष्ट बोलते. अशी केंद्रे आपल्याकडे मोजकी आहेत आणि पूर्ण वेळ पगाराच्या जागा त्याहून कमी. मुले आली नाहीत तरी घोड्याला चारा-चंदी रोज लागते आणि दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवावाच लागतो, त्यामुळे नुसत्या शुल्कावर पागा चालवणे अवघड असते. पदवी हाती असेल तर आठवडाभर रुग्णालयात किंवा विशेष शाळेत काम करून ती सुट्टीच्या दिवशी पागेत उपचार करू शकेल, आणि घर चालवण्याचा भार घोड्यांवर पडणार नाही. परीक्षेपर्यंत तिने आठवड्यातून एकच दिवस जावे, पण पागा पूर्ण बंद करू नये. धनुर्वाताची लस घेतलेली नसेल, तर ती मात्र याच आठवड्यात द्यावी.

आपण दोघांनी अजून ती पागा पाहिलेली नाही, असे पत्रावरून दिसते. या रविवारी तिच्यासोबत जावे, कुंपणाबाहेर अर्धा तास उभे राहावे आणि मूल घोड्यावर असताना तिची नजर घोड्याच्या कानांवर असते की मुलाच्या पाठीवर, एवढेच पाहावे. दोन-तीन रविवार झाले की मला कळवावे. महाविद्यालयांचा पसंतीक्रम आपण त्यानंतर ठरवू.